रानातली आपली पत

घरी आलेल्या पाहुण्यांचे लक्ष दिवाणखान्यातील चिंकाऱ्याच्या छायाचित्राकडे गेले, की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, "या लेन्सची किंमत किती?" आणि दुसरा, "तुम्ही त्याच्या किती जवळ गेला होता?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर एखादा दुकानदार माझ्याहून अधिक अचूक देईल. दुसऱ्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. मी जवळ गेलो नव्हतो. जवळ जावे लागू नये, यासाठीच तर ती अवजड लेन्स घेतली होती. आणि किती दूर राहावे लागले, हे माझ्या कौशल्यावर ठरले नव्हते. त्या चिंकाऱ्याला व त्याच्या कळपाला आजवर माणसांचा जो अनुभव आला होता, त्यावर ते ठरले होते.

बँकेच्या सेवेत आयुष्याची ३६ वर्षे गेल्यामुळे या गोष्टीसाठी मला एकच शब्द सुचतो, तो म्हणजे 'पत'. कर्ज मागायला आलेल्या गृहस्थाची पत त्याच्या गोड बोलण्यावरून ठरत नाही. मागचे व्यवहार त्याने कसे पार पाडले, हे पाहून ती ठरते. रानातील प्राणीही माणसाची पत अशीच जोखतात. फरक एवढाच, की तेथे एकेका माणसाच्या नावाने स्वतंत्र खाते नसते. साऱ्या गावाचे मिळून एकच सामाईक खाते असते. एकाने भरणा करावा आणि दुसऱ्याने उचल करावी, असा तो प्रकार असतो.

आमचे सोनगीर मुंबई–आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी गावाचे नाव पूर्वापार प्रसिद्ध आहे, आणि गावाला लागूनच असलेल्या टेकडीवर जुना किल्ला आहे. दक्षिणेला धुळ्यापलीकडे गाळण्याचे डोंगर, उत्तरेला तापी ओलांडली की सातपुडा, आणि मध्ये आमच्यासारखी गावे अंगाखांद्यावर घेऊन पसरलेल्या उघड्या, खडकाळ टेकड्या. पाऊस बेताचाच. त्यामुळे येथे घनदाट अरण्य नाही. अंजन, खैर, हिवर, बोर, निवडुंग आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर वाढून पुढे सोनेरी होणारे गवत, एवढीच या डोंगरांची संपत्ती. परगावच्या माणसाला ते ओसाड वाटतात. मलाही नोकरीच्या काळात तसेच वाटत असे, कारण मी ते केवळ बसच्या खिडकीतून पाहिले होते.

या ओसाड दिसणाऱ्या उतारांवर चिंकारा, खोकड, कोल्हा, तरस, रानमांजर, साळिंदर आणि ससे राहतात, हे मला २०१८ साली निवृत्त झाल्यावर हळूहळू कळले. चिंकारा हे त्यांतले सर्वांत देखणे जनावर. खांद्यापाशी त्याची उंची जेमतेम ६५ सेंटिमीटर, वजन साधारण २० किलो, आणि रंग असा, की वाळल्या गवतात ते उभे असले तरी दिसत नाही. शेपटी हलली तरच दिसते. पाण्याविना ते बराच काळ राहू शकते. पाने, गवत आणि पहाटेचे दव यांतून त्याची गरज बरीचशी भागते. म्हणूनच आमच्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात ते टिकून राहिले. शिरपूर तालुक्यात १९८६ साली घोषित झालेल्या अनेर धरण अभयारण्यातही त्याची नोंद आहे. तथापि आमच्या टेकड्यांना अभयारण्याचे कुंपण नाही. येथील चिंकारे शेतांच्या, गुराख्यांच्या आणि महामार्गाच्या शेजारीच संसार करतात.

आता थोडे लेन्सविषयी. ज्यांना छायाचित्रणाची आवड आहे, त्यांना हा हिशेब उपयोगी पडेल. माझी लेन्स १५० ते ६०० मिलिमीटरची आहे आणि कॅमेऱ्याच्या संवेदकाची उंची सुमारे १६ मिलिमीटर. ६५ सेंटिमीटर उंचीचा चिंकारा १५० मीटरवर उभा असेल, तर ६०० मिलिमीटरला त्याची प्रतिमा संवेदकावर २.६ मिलिमीटर उमटते. म्हणजे चित्राच्या उंचीचा सहावा हिस्सा. तोच ७५ मीटरवर असेल तर तिसरा हिस्सा, आणि ३०० मीटरवर असेल तर जेमतेम बारावा. अंतर दुप्पट झाले की प्रतिमा निम्मी होते, हे त्रैराशिक शाळेतलेच आहे.

परंतु त्रैराशिकात न बसणाऱ्या गोष्टीही असतात. एवढ्या लांब लेन्सला हाताचा किंचित कंपसुद्धा सोसत नाही, म्हणून मी जाड कापडाची पिशवी शिवून घेतली आहे. तीत वाळू भरून ती खडकावर ठेवतो आणि तिच्यावर लेन्स टेकवतो. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा अशी थरथरते, की दूरचा प्राणी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. तेव्हा कितीही महाग लेन्स असो, चित्र पुसटच येते. त्यामुळे येथे काम होते ते सूर्योदयापासूनच्या दोन तासांत. वारा आपल्याकडून प्राण्याकडे वाहत असेल, तर त्या दिवशी परत फिरावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे बसावे. एका जागी, न बोलता, मोबाइल बंद करून बसावे. निवृत्त माणसाजवळ ज्या थोड्या गोष्टी मुबलक असतात, त्यांत वेळ ही एक आहे.

प्राणी माणसाला पाहून पळण्याआधी त्याला किती जवळ येऊ देतो, या गोष्टीचा शास्त्रीय विचार स्वित्झर्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात केला. त्याला आपण 'पलायन-अंतर' म्हणू. हे अंतर जातीगणिक बदलते. शिवाय एकाच जातीत ठिकाणागणिक आणि अनुभवागणिकही बदलते. हे वाचले आणि माझ्यातला जुना हिशेबनीस जागा झाला. मी एक वही घातली. ज्या पायवाटेने मी टेकडीवर चढतो, तिच्या एका वळणावर मी चिंकाऱ्यांना प्रथम दिसतो. त्या वळणापासून ठरावीक झाडांपर्यंतची पावले मी एकदा मोजून ठेवली. मग प्रत्येक फेरीत कळप किती पावलांवरून पळाला किंवा उभा राहिला, एवढीच नोंद करू लागलो. माझे पाऊल सरासरी ७० सेंटिमीटरचे आहे.

२०१९ च्या हिवाळ्यातली पहिली नोंद ३०० पावलांची आहे. म्हणजे सुमारे २१० मीटर. त्या अंतरावरून चिंकारा चित्राच्या नवव्या हिश्शाएवढा दिसतो. घरी आल्यावर सौ.ने चित्र पाहून विचारले, "यात हरीण कुठे आहे?"

एवढी भीती कशाची, याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. खानदेश हा एके काळी वाघांचा मुलूख होता. १८२५ साली धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभारणारे इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम यांच्या येथील दहाएक वर्षांच्या मुक्कामातील शिकारींची नोंद त्यांच्या चरित्रात आहे. एकट्या वाघांचाच आकडा दीडशेच्या वर जातो. वाघ संपले. हरणांची शिकार मात्र पुढेही चालू राहिली. कधी बंदुकीने, कधी फाशाने, कधी कुत्र्यांनी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने चिंकाऱ्याला पहिल्या अनुसूचीत घालून सर्वोच्च संरक्षण दिले, तरी कायदा झाल्याचे हरणाला कोण सांगणार? त्याला ते आपल्या वागण्यातूनच कळायचे.

बंदूक खाली ठेवून कॅमेरा हाती घेणारे लोकही त्याच काळात निघाले, ही समाधानाची गोष्ट. तत्कालीन संयुक्त प्रांतात वनाधिकारी असलेले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलात रात्री तारेला लागून आपोआप चालणारा कॅमेरा लावून वाघांची छायाचित्रे घेतली आणि १९२७ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रजीत बंदूक चालवण्याला आणि छायाचित्र घेण्याला एकच क्रियापद आहे. मराठीत आपण फोटो 'काढतो', हे मला बरे वाटते. परंतु क्रियापद निरुपद्रवी असले म्हणून कृतीही तशीच असते, असे मात्र नाही. त्याविषयी पुढे सांगतो.

निवृत्तीनंतर काही प्रवास घडले आणि त्यांतून माझ्या वहीत सोनगीरबाहेरचे आकडेही आले. केरळात मुन्नारजवळ एरविकुलम राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे राजमलाच्या उतारावर निलगिरी ताहर नावाची रानबकरी पाहायला मिळते. तमिळमध्ये तिला 'वरैयाडू' म्हणतात, म्हणजे कड्यावरची बकरी. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील उंच गवताळ पठारे सोडली, तर जगात इतरत्र ती रानात आढळत नाही. एकूण संख्या अडीच हजारांच्या आसपास. इतके दुर्मीळ जनावर म्हणून मी मोठ्या कष्टाने लेन्स आणि वाळूची पिशवी वाहून नेली होती. प्रत्यक्षात एक मादी आपल्या करडासह रस्त्याच्या कडेला, माझ्यापासून सात पावलांवर, शांतपणे गवत खात उभी होती. माझ्या लेन्सला तेवढ्या जवळचे काही पूर्ण दिसेचना. अखेर सौ.ने मोबाइलवर फोटो काढला आणि तो माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा चांगला आला.

त्या बकरीला भीती का नव्हती? तेथील डोंगर पूर्वी चहामळेवाल्यांच्या ताब्यात होते. त्यांच्या संस्थेने आरंभी स्वतःच्या शिकारीसाठी का होईना, इतरांच्या शिकारीला आळा घातला आणि स्थानिक मुथुवान लोकांना राखणदार नेमले. पुढे १९७५ साली अभयारण्य आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पिल्ले जन्मण्याच्या काळात, साधारण फेब्रुवारी–मार्चमध्ये, ते पर्यटकांसाठी बंद ठेवतात. रस्ता सोडून खाली उतरायचे नाही आणि प्राण्याला हात लावायचा नाही, हे नियम पाळले जातात. अशा तऱ्हेने कित्येक दशके भरणा होत राहिला, तेव्हा कुठे सात पावलांची पत तयार झाली.

दुसरा प्रवास हिमाचल प्रदेशातील स्पितीचा. किब्बर हे गाव सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. तेथे श्वास पुरत नाही, म्हणून माझ्या वयाच्या माणसाने घाई करू नये. आमच्या गटातील तरुणांना हिमबिबट्या पाहायचा होता. तो काही दिसला नाही, आणि त्यात नवल नाही. २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या गणनेनुसार साऱ्या भारतात त्यांची संख्या ७१८ एवढीच आहे. मला मात्र भरल भरपूर दिसले. भरल म्हणजे मेंढी आणि बकरी यांच्या मधले, राखाडी निळसर रंगाचे जनावर. ते कड्यावर उभे राहिले की दगडच वाटते. गावापासून अर्ध्या तासाच्या चढावर एक कळप मला ९० पावलांवर येऊ देऊन चरत राहिला.

किब्बरची हकीकत मला विशेष भावली, कारण तीत बँकेचा विषय आहे. हिमबिबट्या गावकऱ्यांचे याक व घोडे मारी. एक याक गेला तर कुटुंबाची केवढी मोठी ठेव बुडते, हे सांगायला नको. मग राग हिमबिबट्यावर निघे. त्यात गुरांची संख्या वाढल्याने भरलांना चारा उरेना. आणि भरल कमी झाले की हिमबिबट्या पुन्हा गुरांकडे वळे. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे चारुदत्त मिश्र व त्यांचे सहकारी यांनी गावाशी बोलून दोन गोष्टी केल्या. गावाच्या कुरणाचा एक भाग मोबदला देऊन चराईमुक्त ठेवला, आणि २००२ च्या सुमारास गुरांची विमा योजना सुरू केली. हप्ता गावकरी भरतात आणि दाव्यांचा निर्णयही गावातलीच माणसे घेतात. चराई थांबलेल्या भागात भरल वाढले. मिश्र यांना २००५ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये व्हिटली सुवर्ण पुरस्कार मिळाला. मला त्या योजनेत शहाणपण दिसले ते असे, की गरिबाच्या नुकसानीची भरपाई केल्याशिवाय त्याच्याकडे दयेची अपेक्षा केली गेली नाही. प्राण्याशी पत हवी असेल, तर आधी शेजारच्या माणसाचा हिशेब चुकता करावा लागतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अंतर कमी झाले म्हणजे पत वाढली, असे सरसकट समजू नये. आपण तीर्थक्षेत्री जातो, तेव्हा डोंगराच्या पायऱ्यांवर माकडे अगदी हाताशी येतात. तेथे अंतर शून्य असते. पण ती आपल्यावर विश्वासून आलेली नसतात. पिशवीतल्या फुटाण्यांसाठी आलेली असतात. आपण प्रेमाने खायला घालतो आणि त्यांची रानात अन्न शोधण्याची सवय मोडते. मग एखादे दिवशी पिशवी हिसकावली गेली, लहान मुलाला ओरबाडले गेले, की त्यांना पकडून नेण्याची मागणी होते. बँकेच्या भाषेत ही बचत नव्हे, उचल आहे, आणि तिचे व्याज बिचाऱ्या प्राण्यांनाच भरावे लागते. राजमलाची बकरी सात पावलांवर असूनही माझ्याकडे पाहत नव्हती. तिला माझ्याकडून काही नको होते आणि माझे भयही नव्हते. हीच खरी पत.

आता सोनगीरचा ताळेबंद मांडतो. पहिल्या वर्षी ३०० पावले होती, हे वर आलेच आहे. मी दर आठवड्याला एकदा, एकाच वाटेने, त्याच करड्या सदऱ्यात, एकाच वेळी जात राहिलो. ते उठले की मी पाठलाग करत नसे. उलट तेथेच खाली बसत असे. दुसऱ्या हिवाळ्यात आकडा २६० वर आला, तिसऱ्यात २१० वर, आणि २०२२ च्या हिवाळ्यात १६० वर. १६० पावले म्हणजे ११२ मीटर. त्या अंतरावरून चिंकारा चित्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडा मोठा येतो. दिवाणखान्यातले छायाचित्र त्याच हिवाळ्यातले आहे. त्या टेकडीवर मेंढ्या चारणारे एक वयोवृद्ध ठेलारी आबा आहेत. ते एकदा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, त्या आते तुमले वयखाले लागनात." अहिराणीतील त्या एका वाक्याने मला जो आनंद झाला, तो कोणत्याही बढतीच्या पत्राने झाला नव्हता. अर्थात ती पत एकट्या माझी नव्हती. आबांनी आपली कुत्री कधी त्यांच्यावर सोडली नाहीत, शेजारच्या शेतकऱ्यांनी हरभऱ्यात आलेल्या हरणांना केवळ हाकलले, फासे लावले नाहीत. त्यांचाही भरणा त्यात होता.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर काही तरुण मोटारसायकली घेऊन त्या टेकडीवर आले. पळत्या हरणाच्या मागे गाडी घालून मोबाइलवर रील काढण्याचा नाद त्यांना लागला होता. हे दोन-तीन रविवार चालले. मी डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा कळप दिसलाच नाही. जानेवारीत दिसला तो ४५० पावलांवर, आणि मी वळणावर येताच पलीकडच्या घळीत नाहीसा झाला. वहीतील चार वर्षांची जमा दोन-तीन रविवारांत संपली, इतकेच नव्हे, तर खाते उणे झाले. त्याहून काळजीची बाब अशी, की पाठलागाने अतिशय दमलेले हरीण त्या वेळी वाचले तरी नंतर मरू शकते, आणि गाभण मादीला तर हा धोका फारच मोठा. कळपात आधी सात होते. त्या जानेवारीत मला पाचच मोजता आले. दोन कुठे गेले, हे मी सांगू शकत नाही. पण ते दोन आकडे मी वहीतून खोडलेले नाहीत.

त्या मुलांना मी भेटलो. घरोघरी जाऊन, त्यांच्या वडिलांच्या समोर, चहा घेत बोललो. एक मुलगा म्हणाला, "काका, आम्ही तर हातसुद्धा लावला नाही. फक्त व्हिडिओ काढला." त्याचे म्हणणे त्याच्या दृष्टीने खरे होते. त्याला मारायचे नव्हते. मी वाद घातला नाही. वही पुढे ठेवली. ३००, २६०, २१०, १६० आणि मग ४५०. आकडे पाहून तो बराच वेळ गप्प बसला. मागून येणारी गाडी मारायला येते आहे की चित्र काढायला, हे हरणाला कळत नाही. त्याच्या छातीची धडधड दोन्ही वेळा सारखीच असते. ही गोष्ट उपदेशाने जेवढी पटली नसती, तेवढी त्या पाच आकड्यांनी पटली. वनरक्षकांच्या कानावर घातले. तेही आता सुट्टीच्या दिवशी त्या बाजूला फेरी मारतात. आबांनी मोटारसायकलींच्या वाटेवर चार मोठे दगड आणून ठेवले. हा उपाय माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा परिणामकारक ठरला, हे मान्य केले पाहिजे.

तेव्हापासून मी स्वतःसाठी काही नियम लिहून ठेवले आहेत. छायाचित्र कोणाला पाठवले तरी टेकडीचे नाव व वाट सांगायची नाही. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद आपोआप होते, तीही बंद ठेवायची. पाडसे लहान असताना त्या बाजूला फिरकायचे नाही. तरसाची किंवा खोकडाची वसतीची जागा कळली, तर तेथे कॅमेरा नेण्याचा मोह टाळायचा. ओरडून, खडा मारून किंवा टाळी वाजवून प्राण्याची मान वर करवायची नाही. त्याने स्वतःहून पाहिले तर पाहिले. आणि प्राण्याने चरणे थांबवून आपल्याकडे रोखून पाहिले, की आपण हद्द ओलांडली असे समजून दोन पावले मागे यायचे. या नियमांमुळे माझी कित्येक चांगली छायाचित्रे हुकली. त्याचे मला दुःख नाही. जे चित्र घेण्यासाठी प्राण्याला पळावे लागते, त्या चित्रात शेवटी त्याची पाठच येते.

सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुतेकदा त्याचा अर्थ आपण 'न मारणे' एवढाच घेतो. पांजरापोळाला देणगी देतो, पर्युषणात नियम पाळतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अभय या शब्दाचा सरळ अर्थ 'भय नसणे' असा आहे. ते दिले की नाही, हे देणाऱ्याने सांगून चालत नाही. ज्याला दिले, त्याच्या वागण्यातून ते दिसावे लागते. म्हणून मला ती पावलांची वही महत्त्वाची वाटते. आपण दिलेले अभय पोचले की नाही, याची ती पोचपावती आहे.

वाचकहो, यासाठी कॅमेरा असलाच पाहिजे असे नाही. आपल्या गावाजवळही एखादी टेकडी, माळ किंवा नाला असेल. सुट्टीला नातवंडे आली की त्यांना घेऊन एकाच वाटेने, एकाच वेळी चार-सहा वेळा जाऊन पाहा. ससा, मुंगूस, खार, काहीही असो. ते किती पावलांवरून पळते, हे मुलांना मोजू द्या. नोंद त्यांच्याच हस्ताक्षरात ठेवा. पुढच्या सुट्टीत पुन्हा मोजा. आकडा कमी झाला तर गावाचे अभिनंदन करा, आणि वाढला तर का वाढला याची चौकशी करा. मुलांना प्राण्यांविषयी पुष्कळ माहिती पुस्तकातून मिळते. प्राण्यांचे आपल्याविषयी काय मत आहे, हे त्यांना असे कळेल.

यंदाच्या हिवाळ्यातील माझी शेवटची नोंद २६० पावलांची आहे. म्हणजे आम्ही पुन्हा दुसऱ्या वर्षाच्या जागी आलो आहोत. कळपात सध्या सहा चिंकारे आहेत. त्यांपैकी एक या वर्षी जन्मलेले पाडस आहे. त्याने मोटारसायकल अजून पाहिलेली नाही. त्याच्या खात्यावर आमच्या गावाच्या नावाने आज काहीच मांडलेले नाही, ना जमा, ना नावे. पहिली नोंद कोणती व्हावी, हे सर्वस्वी आमच्या हाती आहे.